जर्सीवरचा आकडा काढल्यावर काय उरतं?

पुण्याच्या जुन्या बाजारात कपड्यांच्या ढिगातून कधीतरी एखादी खेळाची जर्सी हाताला लागते. पाठ कोरी दिसते. पण ती उजेडात तिरपी धरली की मधोमध सात किंवा दहाचा आकार उमटू लागतो. तिथलं कापड किंचित गडद, किंचित चपटं असतं आणि कडेने बारीक भोकांची रांग असते. कुणीतरी आकडा उसवून टाकलेला असतो.

सामन्यात प्रत्यक्ष घातलेल्या जर्सी जमवणाऱ्यांसाठी हा आकार फार मोलाचा. सहकारनगरमधलं ब्लेड्स ऑफ ग्लोरी हे क्रिकेट संग्रहालय पाहून या छंदाकडे वळलेली मंडळी मला भेटतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: नंतर चिकटवलेलं प्रायोजकाचं नाव काढून जर्सी मूळ रूपात आणता येईल का? काढता येतं. मात्र कापड ते विसरत नाही, आणि का विसरत नाही हे आधी समजून घ्यायला हवं.

आजच्या बहुतेक जर्सी पॉलिएस्टरच्या. 1941 साली ब्रिटनमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी शोधलेला हा तंतू साधारण 250 ते 260 अंश सेल्सिअसला वितळतो. पण त्याच्या खूप आधी, 70-80 अंशांच्या आसपासच, त्यातल्या लांबलचक रेणूसाखळ्या सैल होऊन हलू लागतात. हीट प्रेसवर अक्षर चिकटवताना तापमान 150 अंशांच्या घरात असतं आणि वरून दाबही असतो. त्या दहा-पंधरा सेकंदांत अक्षरामागचा गोंद वितळून धाग्यांच्या फटींत शिरतो आणि खालचे तंतू दबून चपटे होतात. प्रेस उचलला, कापड गार झालं की साखळ्या त्याच अवस्थेत थिजतात. आकडा निघाल्यावरही दिसणारा चपटेपणा हाच. धुऊन तो जात नाही, कारण धुण्याच्या पाण्याला सहसा तेवढी उष्णताच नसते.

अक्षर काढायची रीतही याच गुणधर्मावर चालते. टेनिस क्रिकेटच्या स्पर्धांच्या दिवसांत पेठेतल्या छपाईच्या दुकानात संघाचा प्रायोजक बदलला की हे काम जवळून पाहायला मिळतं. कारागीर जर्सी उलटी करून आतल्या बाजूने गरम करतो, म्हणजे उष्णता थेट गोंदाला पोचते. मग सुलटी करून चिमट्याने अक्षराचा कोपरा उचलतो, कापड दुसऱ्या हाताने सपाट दाबून ठेवतो आणि अक्षर जवळजवळ पूर्ण उलटं दुमडून सावकाश ओढतो. सरळ वर ओढलं तर विणीचे फासे ताणून कापडाला फुगवटा येतो. दुमडून ओढलं तर सगळा ताण सुटत्या कडेच्या अरुंद रेषेवर राहतो आणि कापड वाचतं. फटींत शिरलेला गोंद मात्र थोडा तरी मागे राहतोच. त्यासाठी अ‍ॅसिटोन हे द्रावक वापरणारे आहेत. पॉलिएस्टर ते सोसतं, पण शेजारची छपाई सोसेलच असं नाही. शिवाय अ‍ॅसिटोन भडकन पेट घेतं, त्यामुळे तापलेल्या इस्त्रीजवळ ते कधीही उघडू नका.

लोकरीची तऱ्हा वेगळी. अमेरिकेत बेसबॉलचे गणवेश लोकरमिश्रित फ्लॅनेलचे असत. 1970 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या संघाने कृत्रिम धागा मिसळलेल्या विणीच्या कापडाचे गणवेश घातले आणि मग ती पद्धत बदलत गेली. फ्लॅनेलच्या काळात मोठ्या संघांचे जुने गणवेश नावं उसवून खालच्या स्तरावरच्या संघांना दिले जात. लोकरीला वाफ दिली की तिच्या प्रथिनांमधले हायड्रोजन बंध सुटतात, तंतू मूळ आकाराकडे परततात आणि सुईची भोकं बरीचशी बुजतात. म्हणून अशा जर्सीवर नवी अक्षरं शिवून ती अस्सल म्हणून खपवणं सोपं जातं.

तरीही रंग चहाडी करतो. उन्हातली अतिनील किरणं आणि हवेतला ऑक्सिजन मिळून रंगद्रव्याचे रेणू मोडतात. अक्षराखालच्या भागाला ऊन लागत नाही. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढल्यावर मागे गडद चौकोन दिसतो, तसंच हे. आणखी एक खूण डोळ्यांना दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर धुण्याच्या पावडरींत चकाकी आणणारी रसायनं सर्रास येऊ लागली. ती अतिनील दिव्याखाली निळसर चमकतात. दर धुण्याला ती उघड्या कापडावर बसतात, झाकलेल्या भागावर कमी. 1930 च्या म्हणून विकायला आलेल्या जर्सीतला शिलाईचा दोराच त्या दिव्याखाली लखलखला, तर संशय घ्यायलाच हवा.

अक्षरांचं मोल कळायला मॅराडोनाची जर्सी पुरेशी आहे. 1986 च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्धच्या सामन्यासाठी अर्जेंटिनाने मेक्सिको सिटीतल्या दुकानातून वजनाला हलक्या अशा निळ्या जर्सी ऐन वेळी विकत घेतल्या. त्यांवर बोधचिन्हं घाईघाईने शिवली आणि अमेरिकन फुटबॉलसाठीचे रुपेरी आकडे इस्त्रीने चिकटवले. 22 जूनला अझ्टेका मैदानावर घातलेली ती जर्सी मे 2022 मध्ये 71 लाख पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. तिची ओळख पटवताना बोधचिन्ह, पट्टे आणि आकडे जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिले होते. हाताने केलेलं काम दोनदा हुबेहूब होत नाही, म्हणून तर ही ताडणी शक्य होते. उद्या कुणी तो आकडा नीट चिकटला नाही म्हणून काढून नवा लावला, तर पुरावाच नाहीसा होईल.

सब्लिमेशनने छापलेल्या जर्सीत हा प्रश्नच येत नाही. सुमारे 200 अंशांना रंगाची वाफ होऊन ती पॉलिएस्टरच्या तंतूंत शिरते. सोलून काढायला वर थरच नसतो. तिथे कुणी अक्षरं काढून देण्याची हमी दिली तर पैसे देऊ नका.

सामन्यात घातलेल्या जर्सीवरची नंतरची अक्षरंसुद्धा शक्यतो काढू नयेत, असं माझं ठाम मत आहे. काढायचीच असतील तर आधी सरळ, तिरप्या आणि अतिनील उजेडात फोटो घ्या. कापड कुठलं ते ओळखा, आतल्या शिवणीवर छोट्या भागात करून पाहा. उसवलेले दोरे आणि निघालेलं अक्षर आम्लविरहित कागदात गुंडाळून, तारीख लिहून, जर्सीसोबतच ठेवा.