कोम्पनी, व्हिन्सेंट

(१० एप्रिल १९८६ – ). बेल्जियमचा फुटबॉलपटू, इंग्लंडचा क्लब मँचेस्टर सिटी आणि बेल्जियमचा राष्ट्रीय संघ यांचा माजी कर्णधार; पुढे इतर क्लबांचा प्रशिक्षक. सेंटर-बॅक (बचावफळीच्या मध्यभागी खेळणारा बचावपटू) म्हणून तो आपल्या पिढीतल्या अव्वल बचावपटूंमध्ये गणला जातो. मागे सरून वाट पाहण्याऐवजी पुढे सरसावून चेंडू काढून घेणे ही त्याची पद्धत. त्याला यश मिळाले ते याच पद्धतीमुळे आणि निलंबनाची वेळ आली तीही तिच्यामुळेच.

जन्म ब्रसेल्समधील उक्ल येथे. वडील प्येर हे काँगोचे. तिथला हुकूमशहा मोबुटू याच्या राजवटीला विरोध करणाऱ्या विद्यार्थी आंदोलनामुळे त्यांना छावणीत डांबण्यात आले होते. १९७५ मध्ये ते निर्वासित म्हणून बेल्जियमला आले आणि टॅक्सी चालवत त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण केले. २०१८ मध्ये ते ब्रसेल्सच्या गान्सहोरेन नगरपालिकेचे महापौर झाले. देशातले ते पहिले कृष्णवर्णीय महापौर. आई जोसलीन बेल्जियन, कामगार संघटनेत सक्रिय. अशा घरात राजकारण आणि शिक्षण या दोन्ही गोष्टी खेळाइतक्याच गंभीरपणे घेतल्या जात. पुढे सिटीकडून खेळत असतानाच कोम्पनीने मँचेस्टरच्या बिझनेस स्कूलमधून एमबीए पूर्ण केले, त्याची मुळे इथे आहेत.

वयाच्या सहाव्या वर्षी तो ब्रसेल्सच्या अँडरलेख्ट क्लबच्या युवा विभागात दाखल झाला. २००३ मध्ये, सतराव्या वर्षी, मुख्य संघाकडून त्याने पदार्पण केले ते चॅम्पियन्स लीग या युरोपातील क्लबांच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत. फेब्रुवारी २००४ मध्ये फ्रान्सविरुद्ध तो बेल्जियमकडून पहिला सामना खेळला. वडिलांमुळे काँगोकडून खेळण्याची वाटही त्याला खुली होती. स्थलांतरित कुटुंबातल्या प्रत्येक गुणी खेळाडूपुढे हा प्रश्न येतो आणि त्या काळी त्याचे नियम बरेच कडक होते. मैत्रीपूर्ण सामन्याने खेळाडू बांधला जात नसे, पण वरिष्ठ संघाकडून एक अधिकृत स्पर्धात्मक सामना खेळला की दुसऱ्या देशाचे दार कायमचे बंद होई. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेने २०२० मध्ये यात सवलत दिली: शेवटचा स्पर्धात्मक सामना एकविसाव्या वर्षाआधीचा असेल आणि वरिष्ठ संघाकडून एकूण तीनपेक्षा जास्त सामने खेळले नसतील, तर तीन वर्षांनंतर काही अटींवर देश बदलता येतो. विश्वचषक किंवा खंडीय स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात खेळलेल्याला मात्र ही सवलत नाही.

अँडरलेख्टबरोबर दोन लीग विजेतेपदे मिळवल्यावर २००६ मध्ये तो जर्मनीच्या हॅम्बुर्ग संघात गेला. तिथला पहिलाच हंगाम टाचेच्या वरच्या स्नायुबंधाच्या दुखापतीने वाया गेला. ऑगस्ट २००८ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला घेतले, आणि त्यानंतर काही दिवसांतच क्लबची मालकी अबू धाबीकडे गेली. म्हणजे पैशांचा पूर येण्याआधीची ही खरेदी, आणि क्लबच्या इतिहासातल्या सर्वांत फायदेशीर खरेद्यांपैकी एक. सुरुवातीला तो मुख्यतः बचावात्मक मिडफील्डर म्हणून खेळला. प्रशिक्षक रोबेर्तो मांचिनीच्या काळात सेंटर-बॅक म्हणून त्याची जागा पक्की झाली.

त्याच्या खेळाचे तंत्र असे. प्रतिस्पर्धी फॉरवर्डकडे पास निघाला, की तो पोचण्याआधीच कोम्पनी आपली जागा सोडून पुढे येई. फॉरवर्ड गोलकडे पाठ करून चेंडू अडवत असतो. त्याला वळू दिले नाही तर हल्ला तिथेच संपतो. यासाठी छाती सरळ समोर न ठेवता अंग थोडे तिरपे ठेवावे लागते, म्हणजे अंदाज चुकला तरी वळून मागे धावता येते. पास निघण्याआधी पुढे आले तर पाठीमागची मोकळी जागा उघडी पडते, आणि उशिरा आले तर फाऊल होतो. म्हणून शेजारच्या बचावपटूने त्याच क्षणी चार पावले मागे सरून ती जागा झाकायची असते. २०११–१२ च्या हंगामात जोलियन लेस्कॉटने हे काम चोख केले. सिटीने प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल श्रेणीच्या स्पर्धेत ३८ सामन्यांत फक्त २९ गोल स्वीकारले.

पद्धत फसली की काय होते, तेही त्याच हंगामात दिसले. जानेवारी २०१२ मध्ये एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेतील सामन्यात मँचेस्टर युनायटेडच्या नानीवर त्याने बाराव्या मिनिटाला टॅकल केला. चेंडू त्याला मिळाला, नानीला इजाही झाली नाही, पण दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले होते. अशा झेपेत शरीरावर ताबा राहत नाही, म्हणून चेंडू आधी लागला हा बचाव नियमांत चालत नाही. लाल कार्ड मिळाले, आणि हंगामातले ते दुसरे असल्याने चार सामन्यांची बंदी आली. क्लबचे अपील फेटाळले गेले.

३० एप्रिल २०१२ रोजी युनायटेड तीन गुणांनी पुढे असताना दोन्ही संघ पुन्हा भिडले. पूर्वार्धाच्या भरपाई वेळेत डाव्हिद सिल्वाच्या कॉर्नरवर कोम्पनी ख्रिस स्मॉलिंगच्या पहाऱ्यातून निसटला आणि त्याने हेडरने गोल केला. सामना सिटीने १–० जिंकला. शेवटी दोघांचेही ८९ गुण झाले आणि गोलफरकावर (६४ विरुद्ध ५६) सिटीने लीग जिंकली. त्या हंगामाचा प्रीमियर लीगचा सर्वोत्तम खेळाडूही कोम्पनीच ठरला.

त्यानंतरची कारकीर्द पोटऱ्यांनी ठरवली. मागे सरत असताना एकदम थांबून पुढे झेपावणे, हीच बचावपटूची रोजची हालचाल आणि तिचा सगळा भार पोटरीवर येतो. हा स्नायू एकदा फाटला की तिथे कमी लवचीक ऊती तयार होते, आणि चालताना वेदना नसली तरी पूर्ण वेगाच्या धावेत तो पुन्हा फाटू शकतो. लवकर परतण्याची घाई इथे महागात पडते. २०१०–११ मध्ये लीगचे ३७ सामने खेळणारा कोम्पनी २०१५–१६ मध्ये १४ आणि पुढच्या वर्षी ११ सामनेच खेळू शकला. मे २०१६ मध्ये रेआल माद्रिदविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग उपांत्य सामन्यात तो दहाव्या मिनिटाला मैदानाबाहेर गेला, आणि त्या वर्षीची युरो स्पर्धाही हुकली.

बेल्जियमकडून तो ८९ सामने खेळला. २०१४ च्या विश्वचषकात तो कर्णधार होता. २०१८ मध्ये ब्राझीलविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात कॉर्नरवर तो जवळच्या खांबाकडे धावला, आणि त्या गडबडीत फर्नांदिन्योकडून स्वयंगोल झाला. उपांत्य फेरीत फ्रान्सच्या साम्युएल उमतितीच्या हेडरने बेल्जियमला हरवले. तोही सेंटर-बॅक, जन्म कॅमेरूनमधला, बालपणीच फ्रान्सला आलेला. बेल्जियमने तिसरे स्थान मिळवले.

६ मे २०१९ रोजी, लिव्हरपूलशी चुरस शेवटच्या टप्प्यात असताना, लेस्टरविरुद्ध सत्तराव्या मिनिटाला त्याने पेनल्टी क्षेत्राच्या बरेच बाहेरून उजव्या पायाने फटका मारला. चेंडू वरच्या कोपऱ्यात गेला आणि सामना १–० जिंकला गेला. सिटीने ९८ विरुद्ध ९७ गुणांनी लीग राखली. त्याच महिन्यात त्याने क्लब सोडला. अकरा हंगामांत ३६० सामने, २० गोल, चार लीग विजेतेपदे, दोन एफए कप आणि चार लीग कप अशी ही नोंद आहे.

२०१९ मध्ये खेळाडू-प्रशिक्षक म्हणून तो अँडरलेख्टला परतला आणि २०२० मध्ये खेळणे थांबवून पूर्णवेळ प्रशिक्षक झाला. डिसेंबर २०२१ मध्ये क्लब ब्रुजच्या मैदानावर आपल्याला वांशिक शिवीगाळ झाल्याचे त्याने सामन्यानंतर उघडपणे सांगितले. २०२२–२३ मध्ये इंग्लिश क्लब बर्नलीने त्याच्या हाताखाली १०१ गुणांसह इंग्लंडची दुसरी श्रेणी जिंकली. पुढच्या वर्षी प्रीमियर लीगमध्येही त्याने मैदानात पुढे उभी राहणारी बचावफळी आणि गोलरक्षकापासून आखूड पासांनी बांधणी हाच खेळ ठेवला. तिथल्या फॉरवर्डांचा दबाव संघाला झेपला नाही. ७८ गोल स्वीकारून आणि २४ गुणांवर अडकून बर्नली पुन्हा दुसऱ्या श्रेणीत घसरली. तरीही जर्मनीच्या बायर्न म्युनिकने मे २०२४ मध्ये त्याची नेमणूक केली. तिथेही त्याने बचावफळी मध्यरेषेच्या आसपासच उभी केली आणि २०२४–२५ ची बुंडेसलिगा (जर्मनीची अव्वल लीग) जिंकली.