आकाश चाळून झालं? छे, आत्ता कुठे सुरुवात आहे

‘परग्रहवासीयांचे रेडिओ संदेश साठ वर्षं शोधले, कुणी सापडलं नाही, म्हणजे विश्वात आपण एकटेच’ हा समज चुकीचा आहे. १९६० मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या रेडिओ दुर्बिणीने तपासले ते फक्त दोन तारे, तेही १४२० मेगाहर्ट्झ या एकाच वारंवारतेच्या आसपास. दिशा, वारंवारता, वेळ सगळं एकदम जुळावं लागतं. दुर्बीण दुसरीकडे वळलेली असली की संदेश हुकलाच! २०१८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जेसन राइट आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला: शोधायचा पसारा म्हणजे पृथ्वीवरचे सगळे समुद्र मानले, तर आपण पाहिलंय जेमतेम छोट्या पोहण्याच्या तलावाएवढं पाणी. तेवढ्यावरून समुद्रात मासेच नाहीत असं कसं म्हणायचं? दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहत असलेल्या एसकेए (स्क्वेअर किलोमीटर ॲरे) या रेडिओ दुर्बिणी आता या कामाला हातभार लावतील.