पेशंट मोजले, पण किती जणांत?

माझी मामेबहीण एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यात मास्टर्स, करून जळगावला परत आली तेव्हा घरात सगळ्यांचा एकच प्रश्न, मग तू डॉक्टर झाली का? नाही म्हटल्यावर मामांचा चेहराच पडला. असं मास्टर्स करून नेमकं काय येतं हे मलापण माहीत नव्हतं, पावसाळ्यात तिच्यासोबत डेंग्यूच्या डासांच्या अळ्या शोधत फिरलो तेव्हा जरा कळलं.

पहिलं म्हणजे भागाकार. हसू नका. समजा एका वॉर्डात डेंग्यूचे 30 पेशंट आणि दुसऱ्यात 15, तर आपण सगळे पहिल्याच वॉर्डात फवारणी करा म्हणून ओरडणार. पण पहिल्यात राहतात 20 हजार लोक आणि दुसऱ्यात 5 हजार, म्हणजे दहा हजारांमागे 15 आणि 30, दुप्पट त्रास तर दुसरीकडेच आहे ना!

मग नकाशा. 1854 मध्ये लंडनला कॉलरा आला तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मेलेल्यांची घरं नकाशावर मांडली, बहुतेक ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती निघाली. पण बहिणीला त्यातला वेगळाच भाग आवडतो. पंपाशेजारीच बिअरचा कारखाना होता, तिथले कामगार मात्र वाचले, कारण ते पंपाचं पाणी पीतच नव्हते, बिअर प्यायचे. जो आजारी पडला नाही त्यालाही जाऊन विचारायचं, हे आपल्या डोक्यात येत नाही.

अळ्या पण नुसत्या बघत नाहीत, मोजतात. 100 घरं पाहिली, 12 घरांत अळ्या सापडल्या तर हाऊस इंडेक्स 12. त्याच 100 घरांत अळ्या असलेली भांडी 20 निघाली तर ब्रेटो इंडेक्स 20. कूलर, टायर, फ्रिजमागचा ट्रे, सगळं उपसायचं.

अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी हवेत साधारण 7 ते 10 दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला, म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करून कोरडी करायला सांगतात. एका मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पानी आठ दिनमा येस, डरम कसा रिता करू वं माय?" यावर पुस्तकात काय उत्तर असणार! बहिणीने वाद घातला नाही, जुनं सुती लुगडं दुहेरी करून ड्रमच्या तोंडाला सुतळीने घट्ट बांधलं, आणि पाणी संपेल तेव्हा आतून काथ्याने घासा म्हणाली, कारण अंडी भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात. पुढच्या आठवड्यात गेलो तर शेजारच्या तीन ड्रमांवरपण लुगडी होती.