नवतप्यात झिंगे शिजवताना

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे नवतप्यात, नागपुरात भर दुपारी स्वयंपाकघरात उभं राहणं ही शिक्षा असते. बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास. हॉलमधल्या कूलरचा वारा गॅसपर्यंत येत नाही, आणि आलाच तर ज्योत फडफडते म्हणून आपणच दार लोटून घेतो. अशाच एका दुपारी माझी भाची मंगळवारी बाजारातून अर्धा किलो झिंगे घेऊन आली. म्हणाली, "मावशी, आज झिंग्यांचा पास्ता करू, पटकन होतो." आईनं पिशवीत डोकावून पाहिलं आणि सांगितलं, "झिंगे आधी वीस मिनिटं चांगले खदखदू दे. कच्चे राहिले तं पोट बिघडन."

आईची काळजी खरी आहे. पण तिच्या वाक्यात एक समज दडलेला आहे आणि तो माझ्या वर्गातल्या मुलांमध्येही मला दरवर्षी भेटतो. पाणी जितकं जोरात आणि जितका वेळ उकळेल, तितकं अन्न जास्त शिजतं, असा तो समज. रसायनशास्त्र शिकवणारीला हे ऐकून गप्प बसवत नाही, उन्हाळ्यात तर अजिबातच नाही.

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचावर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९९ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. एकदा उकळी फुटली की गॅस मंद ठेवा नाहीतर मोठा, उघड्या गंजातल्या पाण्याचं तापमान तेवढंच राहतं. वरची सगळी उष्णता वाफ करण्यात जाते. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञानं १७६०च्या दशकाच्या सुरुवातीला ही गोष्ट नीट मोजली आणि तिला नाव मिळालं सुप्त उष्णता. आकडे पाहिले की तिचा आवाका कळतो. १ लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे २९० किलोज्यूल लागतात. त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल, म्हणजे जवळपास आठपट. मिठानं पाणी जास्त तापतं असंही सांगतात. लिटरला १० ग्रॅम मीठ घातलं तर उत्कलनबिंदू एक पंचमांश अंशानंसुद्धा वाढत नाही. मीठ चवीसाठी घालायचं.

ही वाफ जाते कुठे? ती आपल्याच अंगावर येते. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालतो तो नागपूरची मे महिन्यातली हवा कोरडी असते म्हणून. ताटीतलं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेतं. घामाचंही तेच. खदखदणारा गंज मात्र स्वयंपाकघरात वाफ भरत राहतो, शिवाय १ किलो गॅस जळताना स्वतःच सुमारे दीड किलो पाण्याची वाफ तयार करतो. हवा दमट झाली की घाम वाळत नाही आणि जीव कासावीस होतो. म्हणजे वीस मिनिटांच्या उकळीत अन्नाला काही मिळत नाही आणि स्वयंपाक करणारीचे हाल होतात.

मग शिजणं म्हणजे नेमकं काय? झिंग्यापुरतं सांगायचं तर प्रथिनांच्या घड्या उलगडणं. हा माझा सगळ्यात आवडता विषय आहे, म्हणून इथे थोडी थांबणार आहे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब माळ. ती सुटी लोंबत नसते, तिची ठरावीक घडी असते. घडी धरून ठेवतात ते हजारो बारीक, कमजोर बंध. एकेकटा बंध सहज तुटेल, पण ते एकमेकांच्या आधारानं उभे असतात. त्यामुळे तापमान वाढत गेलं तरी घडी हळूहळू सैल होत नाही. बराच वेळ काहीच घडत नाही, आणि मग चार-पाच अंशांच्या टप्प्यात सगळं एकदम मोकळं होतं. पिशवीच्या चेनचे पहिले काही दात सुटले की बाकीचे आपोआप सुटत जातात, तसं.

आता थोडं गणित. घडी टिकणार की मोडणार हे दोन मोठ्या संख्यांच्या वजाबाकीवर ठरतं. एका बाजूला बंधांची ऊर्जा, जी घडी राखते. दुसऱ्या बाजूला माळेला मोकळं होऊन हजार तऱ्हांनी वळवळण्याची मुभा, म्हणजे एंट्रॉपी, गुणिले निरपेक्ष तापमान. दोन्ही बाजू मोलमागे (मोल म्हणजे रेणू मोजायचं रसायनशास्त्राचं एकक) शेकडो किलोज्यूलच्या घरात असतात, पण त्यांच्यातला फरक बहुतेक प्रथिनांत फक्त २० ते ६० किलोज्यूल. पाण्याच्या रेणूंना एकमेकांशी धरून ठेवणाऱ्या एका कमजोर दुव्याची, म्हणजे हायड्रोजन बंधाची ताकद २०च्या आसपास धरली, तर अख्ख्या प्रथिनाचं स्थैर्य जेमतेम एक ते तीन बंधांएवढं भरतं! दुसऱ्या बाजूला तापमानाचा गुणक आहे, म्हणून उष्णता वाढली की तराजू झुकतो. सजीवाचं सारं यंत्र या कडेवर उभं आहे. फार घट्ट घडी असलेलं प्रथिन हलू शकत नाही, आणि स्नायूला तर हलायचंच असतं. म्हणून उत्क्रांतीनं घडी राखली ती त्या प्राण्याच्या शरीराच्या तापमानाला पुरेल इतकीच.

आणि इथेच मासे-झिंगे बकरीपासून वेगळे पडतात. बकरीचं शरीर कायम ३९ अंशांच्या आसपास. तिच्या स्नायूतलं मायोसिन हे प्रथिन ५०च्या पुढे उलगडतं. थंड समुद्रातल्या माशाचं मायोसिन ४०च्या आसपासच मोडायला लागतं. आपल्या भंडारा-गोंदियाच्या तलावांतले रोहू, कतला कोमट पाण्यात वाढतात, त्यांचं मायोसिन थोडं जास्त तग धरतं. स्नायूंचे धागे बांधून ठेवणाऱ्या कोलॅजनची कथा याहून ठळक आहे. त्याच्या तीन पदरी वेणीला हायड्रॉक्सिप्रोलिन नावाचं अमिनो आम्ल घट्टपणा देतं, आणि थंड पाण्यातल्या माशांत ते कमी असतं. वासराच्या कातडीतलं कोलॅजन द्रावणात ४० अंशांच्या जवळपास वितळतं, उत्तर अटलांटिकच्या कॉड माशाचं १५च्या आसपास. प्राणी जिथे राहतो तिथलं तापमान त्याच्या मांसात असं लिहिलेलं असतं.

मटण तासभर शिजवावं लागतं ते त्यातल्या चिवट कोलॅजनचं जिलेटिन व्हावं म्हणून. झिंग्यात कोलॅजन मटणाच्या मानानं थोडं आणि कमकुवत. तिथे वाट पाहून मिळवण्यासारखं काही नाही. मायोसिन गोठलं की मांस पांढरं, अपारदर्शक आणि लुसलुशीत होतं. पुढे ७० ते ८० अंशांच्या टप्प्यात ॲक्टिन हे दुसरं प्रथिन मोडतं, धागे आखडतात आणि ओल्या फडक्यासारखे पिळले जातात. मांसाच्या वजनात पाऊण हिस्सा पाणी, ते कढईत उतरतं, आणि हातात उरतो रबराचा तुकडा. वीस मिनिटं उकळलेला झिंगा जास्त शिजलेला नसतो, पिळून काढलेला असतो.

पोट बिघडू नये म्हणून माशाच्या आतलं तापमान ६३ अंशांना पोचावं, असा अन्नसुरक्षेचा प्रचलित निकष आहे. १ सेंटिमीटर जाडीच्या झिंग्यात दोन्ही बाजूंनी उष्णता मध्यापर्यंत जायला दोन-तीन मिनिटं लागतात. हा वेळ जाडीच्या वर्गानं वाढतो, म्हणून २ सेंटिमीटरच्या तुकडीला चौपट वेळ द्यावा लागतो. झिंगे लाल होतात तेही प्रथिनाच्या उलगडण्यानंच. त्यांच्या कवचात ॲस्टाझँथिन हे गाजराच्या रंगाच्या कुळातलं द्रव्य असतं. क्रस्टासायनिन नावाच्या प्रथिनाच्या मिठीत ते निळसर-करडं दिसतं, आणि मिठी सुटली की आपल्या मूळ केशरी रंगावर येतं. ही मिठी नेमकी कशी असते याची अणूंच्या पातळीवरची रचना २००२ साली उलगडली. पण रंग बाहेरचा असतो. खात्री करायची तर सगळ्यात जाड झिंगा मधोमध कापून पाहावा, आत काचेसारखा भाग उरलेला नको.

आईला मी तसाच एक कापून दाखवला. तिनं चाखला आणि म्हणाली, "मऊ तं आहे."

आता पास्त्याकडे. काही वर्षांपूर्वी इटलीत यावरून मोठा वाद झाला होता. २०२१चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे जॉर्जिओ पारिसी यांनी २०२२ साली गॅस बंद करून पास्ता शिजवण्याच्या पद्धतीची पाठराखण केली आणि तिथले नावाजलेले आचारी संतापले. पारिसींचं म्हणणं मला पूर्ण पटतं. पास्त्यात दोन गोष्टी घडायच्या असतात. स्टार्चच्या कणांनी पाणी पिऊन फुगायचं, ते साधारण ६० ते ७० अंशांत घडतं, आणि ग्लुटेननं, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनानं, जाळं पक्कं करायचं, त्याला ८०च्या आसपास तापमान पुरतं. बुडबुड्यांची गरज दोन्हींना नाही. पास्ता टाकून दोन मिनिटं उकळी राखायची, एकदा ढवळायचं, गॅस बंद करून घट्ट झाकण ठेवायचं आणि पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक-दोन मिनिटं जास्त थांबायचं.

इथे नागपूरचा उन्हाळा आपल्या बाजूनं उभा राहतो. तापलेली वस्तू किती वेगानं निवते हे तिच्या आणि भोवतालच्या तापमानातल्या फरकावर ठरतं, हा न्यूटनचा नियम शाळेत शिकलेला आठवत असेल. २० अंशांच्या खोलीत ९९ अंशांचा गंज ७९ अंशांच्या फरकानं निवतो. माझ्या स्वयंपाकघरात ४३ अंश, फरक फक्त ५६. म्हणजे निवण्याचा वेग जवळपास तीस टक्क्यांनी कमी. मी थर्मामीटर लावून बसले होते. जाड बुडाच्या गंजात २ लिटर पाणी होतं, आणि झाकणाखाली दहा मिनिटांनंतरही काटा ९०च्या खाली गेला नव्हता.

पास्ता परका म्हणून बिचकायचं कारण विदर्भात तरी नाही. काडीवर कणकेची बारीक पट्टी गुंडाळून केलेले, उन्हात वाळवलेले सरगुंडे आपण आमरसाशी खातोच. तोच पोकळ नळीचा आकार आणि तेच शास्त्र. वाळवलेलं कणकेचं जाळं आकार धरून ठेवतं आणि पोकळीतून पाणी आत-बाहेर दोन्हीकडून शिरतं. पास्त्यासाठी लागणारा ड्युरम गहूही ओळखीचा, आपला बन्सी गहू त्याच जातीचा. उरलेलं पाणी फेकू नका. त्यात उतरलेला स्टार्च तेलाचे थेंब पाण्यात धरून ठेवतो आणि पातळ रसाला दाटपणा आणतो.

भाचीनं त्यात थोडी साय घालायचं म्हटलं तेव्हा शेजारच्या काकू घाबरल्या. मासळीबरोबर दूध खाल्लं की कोड फुटतं, हे त्या लहानपणापासून ऐकत आल्यात. याला काहीही आधार नाही. कोडात शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा त्वचेतल्या रंगपेशी नष्ट करते. दूध-मासळीच्या जेवणाचा त्याच्याशी संबंध नाही, आणि युरोपात दुधात शिजवलेला मासा हे रोजचं घरगुती जेवण आहे. या गैरसमजामुळे कोड असलेल्या माणसाकडे 'यानं काहीतरी चुकीचं खाल्लं असेल' अशा नजरेनं पाहिलं जातं, याचा मला खरोखर राग येतो.

कृती चार ओळींची आहे. पास्ता झाकणाखाली असताना पसरट तव्यात तेलात ठेचलेला लसूण आणि लाल मिरची. लसणाला वास सुटला की फडक्यानं कोरडे टिपलेले झिंगे एका थरात, प्रत्येक बाजूला दीड मिनिट. ओले टाकले तर आधी त्यांच्या अंगावरच्या पाण्याचीच वाफ होत बसते. मग पास्ता, पळीभर त्याचं पाणी, गॅस बंद, वरून लिंबू आणि भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर. झिंग्यांऐवजी रोहूचे काटे काढलेले तुकडे चालतात. गोड्या पाण्यातल्या माशाला कधी चिखलाचा वास येतो तो जिओस्मिनचा, म्हणजे पहिल्या पावसात मातीतून दरवळणाऱ्या द्रव्याचाच. लिंबाच्या आम्लानं तो बराच कमी होतो.

आईच्या वीस मिनिटांमागची खरी भीती मात्र गॅसपाशी मिटत नाही, ती बाजारापाशी सुरू होते. नागपूरपासून पाचशे किलोमीटरच्या आत कुठेही समुद्र नाही. समुद्राची मासळी बर्फातून इथवर येते, आणि शेवटचे तीन-चार किलोमीटर आपल्या पिशवीत, ४५ अंशांत. या उष्णतेत जिवाणू वीस-वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. बांगडा, सुरमई, ट्यूना यांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मासळी बर्फाविना राहिली की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, आणि ते खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात. उष्णतेनं जिवाणू मरतात, हिस्टामिन तसंच राहतं. तासभर उकळलं तरी. म्हणून बाजारात जाताना मी झाकणाचा डबा आणि बर्फ घेऊन जाते, मासळी शेवटी घेते आणि घरी आल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवते. शिजलेलंही या दिवसांत तासाभरापेक्षा जास्त ओट्यावर ठेवत नाही. परवा आईनं स्वतःच डब्याची आठवण केली, म्हणाली, "बर्फ घेतला का? मग जा."