‘डिस्टंट’ या इंग्रजी विशेषणाचे सहप्रयोग

‘डिस्टंट’ हे अंतरवाचक इंग्रजी विशेषण ‘वेगळे उभे राहणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आलेले आहे. हे अंतर जागेचे, काळाचे, नात्याचे किंवा मनाचे असू शकते आणि त्यांपैकी कोणते अभिप्रेत आहे, हे बहुधा सोबतच्या नामावरून ठरते. शब्दांच्या अशा रूढ जोड्यांना सहप्रयोग म्हणतात. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते, असे काही काळ लाहोरला इंग्रजी शिकवलेले ब्रिटिश भाषावैज्ञानिक जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये मांडले होते.

‘डिस्टंट कझिन’मधील अंतर वंशवृक्षावर मोजायचे असते; म्हणून शेजारच्या घरात राहणारा चुलतचुलत भाऊ ‘डिस्टंट’ ठरतो, पण परदेशी स्थायिक झालेला सख्खा भाऊ ठरत नाही. ‘डिस्टंट पास्ट’ व ‘डिस्टंट मेमरी’ यांत काळाचे अंतर आहे. भविष्याबाबत ‘इन द नॉट टू डिस्टंट फ्यूचर’ हा नकारार्थी प्रयोग विशेष रुळलेला असून त्याचा अर्थ ‘नजीकच्या काळात’ असा होतो. शर्यतीत किंवा निवडणुकीत दुसरा येऊनही पहिल्याच्या पुष्कळ मागे राहिलेला उमेदवार ‘डिस्टंट सेकंड’ असतो.

वाक्यातील स्थानही निर्णायक ठरते. ‘ही इज अ डिस्टंट कझिन’ म्हणजे तो लांबचा भाऊ आहे. ‘माय कझिन इज डिस्टंट’ म्हटले, तर भाऊ तुटक वागतो, अशी तक्रार होते. लांबचे नाते विधेयात सांगायचे झाल्यास ‘डिस्टंटली रिलेटेड’ म्हणावे लागते.

जवळच्या अर्थाच्या शब्दांची वाटणी नियमापेक्षा रूढीने झालेली दिसते. दुर्गम गाव ‘रिमोट व्हिलेज’ असते, अंधूक शक्यतेलाही बहुधा ‘रिमोट’च लागते, आणि खोलीचा पलीकडचा कोपरा ‘फार कॉर्नर’ होतो. ‘फार रिलेटिव्ह’ मात्र कोणी म्हणत नाही. मराठी विद्यार्थ्याची अडचण इथेच होते, कारण नातेवाईक, गाव आणि प्रवास या तिन्हींना ‘लांबचा’ हे एकच विशेषण (लिंग बदलून) चालते. इंग्रजीत लांबचा प्रवास अंतराने नव्हे, तर लांबीने मोजला जाऊन ‘लाँग जर्नी’ होतो. दूरशिक्षणासाठी तर विशेषण न वापरता नामच पुढे जोडून ‘डिस्टन्स एज्युकेशन’ म्हणतात. त्याऐवजी ‘डिस्टंट एज्युकेशन’ लिहिण्याची चूक आपल्याकडे जाहिरातींच्या फलकांवरही आढळते.