चामडी ऑर्गनायझरवरची केल्टिक गाठ

ब्रिटन-आयर्लंडच्या कारागिरांच्या चामडी ऑर्गनायझरवर, म्हणजे सुटी पाने कड्यांत अडकवायच्या वहीवर, एक जोडी हमखास दिसते: बाहेर चामड्यात कोरलेली तीन टोकांची ट्रिक्वेट्रा गाठ आणि आत सहा कड्या. विकणारे सरसकट सगळ्यालाच ‘प्राचीन’ म्हणून मोकळे होतात. त्यात चामड्यावरची वेणीदार नक्षी खरोखर जुनी आहे, कड्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या आणि गाठीला चिकटवलेले अर्थ त्यामानाने अलीकडचे.

जुनेपणाचा भक्कम पुरावा म्हणजे सेंट कथबर्ट गॉस्पेल. आठव्या शतकाच्या सुरुवातीचे, बायबलमधल्या एका शुभवर्तमानाचे हे छोटे पुस्तक ११०४ मध्ये इंग्लंडमधल्या डरहॅमला संताच्या शवपेटीत सापडले. २०१२ मध्ये ब्रिटिश लायब्ररीने ते ९० लाख पौंडांना घेतले. बर्चच्या पातळ फळ्यांवर बकऱ्याचे लाल चामडे चढवलेले आहे. मधली वेल उठावाची: खाली भर घालून वरून चामडे दाबलेले. वेलीच्या वर आणि खाली मात्र वेणीची नक्षी आहे, ती टोकदार हत्याराने रेघा ओढून रंगवलेली. म्हणजे उठाव आणि कोरीव रेघ, दोन्ही तंत्रे एकाच मुखपृष्ठावर.

ट्रिक्वेट्रा इ.स. ८००च्या सुमाराच्या बुक ऑफ केल्स या सचित्र ख्रिस्ती हस्तलिखितात दिसते आणि स्वीडनमधल्या अकराव्या शतकातल्या फुन्बोच्या रून-शिळेवरही (रून ही उत्तर युरोपातली जुनी लिपी). तेव्हा ती केवळ केल्टिक नव्हे. तिचा अर्थ त्या काळी कोणी लिहून ठेवलेला नाही. ख्रिस्ती त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) अर्थ एकोणिसाव्या शतकातल्या केल्टिक पुनरुज्जीवनात रूढ झाला, कुमारी-माता-वृद्धा ही देवीची तीन रूपे हा नवमूर्तिपूजकांचा अर्थ त्यानंतरचा. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘चार्म्ड’ या अमेरिकी मालिकेत जादूच्या जाडजूड पोथीवर हीच गाठ होती. वह्यांच्या बाजारात तिची चलती होण्यात संतांपेक्षा या पोथीचा वाटा मोठा असावा.

कड्यांचा उगम पूर्ण व्यवहारी. फिलाडेल्फियाच्या लेफॅक्सने अभियंत्यांसाठी सुट्या तांत्रिक पानांची वही काढली. लंडनच्या नॉर्मन अँड हिलने १९२१ पासून तीच कल्पना ब्रिटनमध्ये रुजवली आणि १९३० मध्ये ‘फिलोफॅक्स’ हे नाव नोंदवले. त्यांचे ‘पर्सनल’ पान ९५ × १७१ मिमी. भोके तीन-तीनच्या दोन गटांत, गटात १९ मिमी अंतर आणि मधे ५१. ए५ पानात मधले अंतर ७० होते, त्यामुळे स्वतः वही बनवायची तर कड्यांचा धातूचा सांगाडा मागवण्याआधी आपले भोक-यंत्र मोजून पाहावे. पान ९५ मिमी रुंदीचे असले तरी पुढचा पुठ्ठा १२५-१३० मिमी तरी रुंद हवा. कड्या आणि टॅब जागा खातात.

कोरीवकाम फक्त वनस्पतींच्या टॅनिनने कमावलेल्या चामड्यावर टिकते. कोल्हापुरी चपलांचे, बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले चामडे याच जातीचे. क्रोम (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या) चामड्यावरचा ठसा पुन्हा फुगून वर येतो. बाहेरून साधारण २ ते २.४ मिमी, अस्तराला १ मिमी पुरते. पाठीला चिकटपट्टी लावावी, नाहीतर ओले चामडे ताणून गाठ तिरकी होते. मग स्पंजने ओले करून थांबावे: रंग जवळपास मूळ पदावर आला, पण हाताला गारवा लागतो, तेव्हा सुरी धरायची. फार ओल्यात रेघा बुजतात, कोरड्यात सुरी अडखळते.

स्विव्हल नाइफचा, म्हणजे बोटांत फिरवता येणाऱ्या कोरीवकामाच्या सुरीचा, चर जाडीच्या एक-तृतीयांश खोल. प्रत्येक छेदावर खालून जाणाऱ्या पट्ट्याच्या रेघा वरच्या पट्ट्याच्या कडेला थांबल्या पाहिजेत, आणि बेव्हलरने (चराची एक बाजू उतरती दाबणाऱ्या ठशाने) दाबायची ती खालच्या पट्ट्याचीच बाजू. घाई इथेच नडते: एक रेघ आरपार गेली की वर-खालीचा क्रम तुटतो आणि कापलेला चर बुजत नाही. गाठ कण्याच्या दुमडीपासून दीड-दोन सेंटीमीटर आत घ्यावी. दुमडीवर ठसा लवकर सपाट होतो आणि तिथेच चामडे तडकते.

सांगाड्याचे रिव्हेट अस्तर चिकटवण्याआधी ठोकावेत, म्हणजे त्यांची डोकी झाकली जातात. कडांचे चामडे रापीने पातळ करून दोन सुयांनी शिवण घालावी, टाके ३-४ मिमीचे, दोरा शिवणीच्या चौपट. चामडे ओले असताना लोखंडाचा कण, पोलादी फुटपट्टी किंवा साधा खिळा लागू देऊ नये: टॅनिन आणि लोह मिळून निळसर-काळा डाग पडतो. वरवरचा डाग लिंबाच्या रसाने लगेच पुसला तर जातो. खोल उतरला तर अख्खे आवरण गडद रंगवावे लागते.