छताला चिकटलेला कवडसा

14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. आग विझवायला गेलेले कितीतरी जवान परतले नाहीत. त्यांच्या आठवणीत दरवर्षी 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. यंदा त्यानिमित्त आमच्या सोसायटीत मॉक ड्रिल झालं. एजन्सीच्या मुलाने लांब काठीला नकली धुराचा डबा लावला आणि अकराव्या मजल्यावर, लॉबीच्या छताला असलेल्या, धूर ओळखणाऱ्या डिटेक्टरखाली धरला. दहा सेकंद झाले, अर्धा मिनिट झाला. काहीच वाजेना. शेवटी स्टूल आणून तो वर चढला, तर डिटेक्टरवर प्लास्टिकची टोपी! रंगकामाच्या वेळी धूळ जाऊ नये म्हणून बसवलेली, ती काढायची राहूनच गेली होती. रंगकाम होऊन दोन वर्षं झाली आहेत.

मला धक्का टोपीपेक्षा शेजारच्या काकांच्या बोलण्याने बसला. ते म्हणाले, “अहो, आग लागली तर वास येईलच की, जाग येईल.” असं मानणारे पुष्कळ आहेत. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात 2004 साली हेच तपासलं होतं. झोपलेल्या माणसांना पुदिन्याचा आणि पिरिडीन नावाच्या उग्र रसायनाचा वास दिला, आणि वेगळा आवाजही ऐकवला. गाढ झोपेत वासाने माणसं उठली नाहीत, आवाजाने उठली. रात्री नाकावर भरवसा ठेवता येत नाही. त्यातून धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड येतो. त्याला वास नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. ऑक्टोबर 2023 मध्ये गोरेगावच्या एका पुनर्वसन इमारतीत पहाटे तीनच्या सुमाराला खाली पार्किंगमध्ये आग लागली. धूर वर चढला आणि झोपेतली माणसं त्यात गुदमरली.

म्हणून नाकाचं काम छतावरच्या त्या पांढऱ्या डबीकडे दिलेलं असतं. ही डबी धुराचा वास घेत नाही, ती धूर बघते. कशी बघते, हे मला फार सुंदर वाटतं.

कौलारू घरातला कवडसा आठवा. अंधाऱ्या माजघरात फटीतून उन्हाची तिरीप येते आणि तिच्यात धुळीचे कण नाचताना दिसतात. ती तिरीप आपल्याला बाजूने दिसते, कारण कण तिच्यातला थोडा प्रकाश वाटेतून वळवून आपल्या डोळ्यांकडे धाडतात. हवा अगदी स्वच्छ असती, तर जमिनीवर नुसता उजेडाचा ठिपका दिसला असता, मधली वाट दिसली नसती.

डिटेक्टरच्या आत असंच एक इवलंसं माजघर असतं. काळ्या प्लास्टिकच्या वळणदार भिंती अशा रचलेल्या असतात की हवा आत येते, पण बाहेरचा उजेड येत नाही. भोवती किडे येऊ नयेत म्हणून बारीक जाळी असते. आत एक एलईडी ठरावीक वेळाने अवरक्त (इन्फ्रारेड), म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाची चमक सोडतो आणि त्याच्या वाटेच्या बाजूला, कोनात, प्रकाश टिपणारा फोटोडायोड बसवलेला असतो. दोघांमध्ये आडोसा असल्याने एकाचा प्रकाश दुसऱ्यावर थेट पडत नाही. हवा स्वच्छ असेल तर फोटोडायोडला जवळजवळ अंधार दिसतो. धूर शिरला की कवडसा उमटतो. लागोपाठच्या काही चमकांमध्ये तो दिसत राहिला, तर पॅनेलला, म्हणजे भोंगा वाजवणाऱ्या खालच्या मुख्य पेटीला, निरोप जातो.

आता यातली खरी गंमत कणांच्या आकाराची आहे. हा अवरक्त प्रकाश साधारण 0.9 मायक्रॉन तरंगलांबीचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कण त्याहून खूप लहान असला, तर तो किती प्रकाश विखुरणार हे त्याच्या व्यासाच्या सहाव्या घातावर ठरतं. व्यास निम्मा केला, तर एका कणामागे विखुरणं 64 पटीने घटतं. तेवढ्याच वजनाच्या धुरात कण आठपट होतात हे धरलं, तरी एकूण विखुरणं आठव्या हिश्शावर येतं. म्हणून धुमसणाऱ्या गादीचा जाड, पांढुरका धूर या डिटेक्टरला पटकन दिसतो. थिनर भडकला तर निघणारी बारीक काळी काजळी उशिरा दिसते, कारण कण लहान आणि वर काळे, म्हणजे प्रकाश गिळणारे.

यावर उपाय म्हणून काही डिटेक्टरांत दुसरा, निळा एलईडी असतो, सुमारे 0.47 मायक्रॉनचा. लहान कणांचं विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं, आकाश निळं दिसतं ते याच नियमाने. हिशोब केला तर बारीक कण निळा प्रकाश अवरक्तापेक्षा तेरापट जास्त विखुरतात. वाफेचे थेंब मात्र कित्येक मायक्रॉनचे, त्यांना दोन्ही रंग जवळपास सारखेच. दोन रंगांचं गुणोत्तर काढलं की डिटेक्टरला धूर कुठला आणि गिझरची वाफ कुठली हे ओळखता येतं.

आमच्याकडे एकाच रंगाचे साधे डिटेक्टर आहेत. न्हाणीघराच्या दाराशी लावला तर तो वाफेने वाजतो, देवघराशी लावला तर आरतीच्या धुपाने. स्वयंपाकघरात फोडणीने वाजेल, म्हणून तिथे धुराचा डिटेक्टर लावतच नाहीत. तिथे उष्णतेचा असतो, साधारण 57 अंशांना वाजणारा. जागा चुकली की डिटेक्टर सारखा वाजतो, लोक वैतागतात आणि वॉचमन पॅनेलचा आवाज कायमचा बंद करून टाकतो. तशीच आत साचलेली धूळही कवडसा पाडते, त्यामुळे साफसफाई न केलेला डिटेक्टर उगाच ओरडू लागतो.

एका घरात डिटेक्टरच्या लुकलुकणाऱ्या लाल दिव्यावर काळी चिकटपट्टी आढळली, सोबत जाळीचा निम्मा भागही झाकलेला. ईशान्येला लाल दिवा अशुभ, असं वास्तुतज्ज्ञाने सांगितलं होतं म्हणे. तो दिवा डिटेक्टर शाबूत असल्याची खूण आहे. घरात लहान मुलं झोपतात तिथे दिशांच्या कल्पनेपायी हवेची वाट बुजवणं हा गुन्हा आहे, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. पट्टी निघाली.

पण धूर दिसला, भोंगा वाजला, तरी तो उशीपर्यंत पोचायला हवा. भारतीय मानक 2189 प्रमाणे झोपायच्या जागी तो उशाशी 75 डेसिबल ऐकू यायला हवा. आमचे भोंगे लॉबीत आहेत, एक मीटरवर सुमारे 100 डेसिबलचे. अंतरामुळे आमच्या दाराशी 85 उरतात. मुख्य दार वीसेक खातं, बेडरूमचं दार आणखी वीस. उरले 45, वर एसीची घरघर. इंजिनिअरने आखलेला कवडसा इथे, शेवटच्या दहा पावलांत वाया जातो.

मजल्यांचे नियम त्यानंतर कामाला येतात. मुंबईत उंच इमारतीला 24 मीटरच्या वर रेफ्यूज जागा, म्हणजे आगीच्या वेळी आसऱ्याला थांबायची जागा, लागते आणि पुढे दर सातव्या मजल्याला. ती मोकळीच ठेवायची असते, तिथे सायकली, जुने सोफे, मंडळाचं डेकोरेशन ठेवायचं नसतं. जिन्याचं फायर डोअर बंद राहिलं तर धुराला वर जायला धुराडं मिळत नाही. आमच्या सातव्या मजल्यावर त्या दारात वीट लावलेली असते, वारा यावा म्हणून. मी रोज काढतो, कोणीतरी पुन्हा लावतं.

महाराष्ट्राच्या 2006 च्या आगप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, फॉर्म बी, द्यावं लागतं. टोपी असलेल्या त्या दोन वर्षांतही आमची चारही प्रमाणपत्रं वेळेवर गेली आहेत. येत्या जुलैला एजन्सीचा माणूस आला की भोंगा वाजवायच्या आधी मी त्याला आमच्या आतल्या खोलीत नेणार आहे, दोन्ही दारं लावून, एसी चालू ठेवून, आईच्या उशीशी उभा करणार आहे.